धरणाच्या पाण्यात आडोसा

ढाणकीच्या लोहाराला आमच्या साहेबांनी नांगर करायला सांगितला, तेव्हा त्यानं साहजिकच विचारलं, "किती बैलाचा?"

"बैल नाही लागत. पाण्यात टाकाचा हाये."

लोहारानं हातोडा खाली ठेवला. मी बाजूला भाजीची पिशवी घेऊन उभी होते. पेशंटला सोडून डॉक्टर जसे सोबत आलेल्या माणसाकडे पाहतात, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पाण्यात? नांगर?"

"नाव एका जागी थांबवाले."

"म्हंजे विहिरीत पडलेली बादली काढाचा गळ असते, तसा?"

"तसाच. पण मोठा."

"मंग तसं सांगा ना जी! मी म्हणलं, रिटायर झाल्यावर साहेब धरणात वखरून राह्यले का काय."

ट्रकच्या कमानीच्या जुन्या पट्ट्या तापवून त्यानं चार आकड्यांचा एक दणकट गळ करून दिला. तो उचलायला दोन माणसं लागत. साहेबांना तो फार आवडला. जड वस्तूंवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास.

साहेब म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. बाहेर सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. पैनगंगेवरच्या धरणाची पातळी त्यांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त पाठ होती. कोणत्या कालव्याच्या कोणत्या चारीला कधी पाणी सुटतं, कोण शेतकरी पाळी नसताना दार उघडतो, सगळं तोंडावर. पण नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्या पाण्यावर ते एकदाही गेले नव्हते. काठावर उभं राहून मोजायचे आणि जीपमध्ये बसून परत यायचे.

मी शाळेत मास्तरीण होते. मीही त्यांच्याच सुमारास रिटायर झाले. आम्ही दोघंही बंजारा, तांड्यातले. घरात गोरबोलीत बोलतो आणि गोरबोलीतच भांडतो. इथं मात्र आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे कोणाचं बरोबर होतं ते जास्त लोकांना कळेल.

हे नावेचं वेड कोकणातून आलं. निवृत्तीनंतर मुलानं आम्हाला तिकडे फिरायला नेलं होतं. एका खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या शिडाची छोटी बोट नांगर टाकून उभी होती. तिच्यावर एक म्हातारं जोडपं चहा पीत होतं. बाहेर समुद्र खवळलेला, आणि ह्यांच्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता. आमच्या होडीवाल्यानं सांगितलं, वारा सुटला की जाणती माणसं डोंगराच्या आड येऊन थांबतात. कुठं थांबायचं हे ज्याला कळलं, त्याला दर्या कळला.

साहेब त्या जोडप्याकडे टक लावून पाहत राहिले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ढाणकीला परतल्यावर रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. थंड देशांतली टोप्या घातलेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानं बोट नेतात, सुरक्षित जागा शोधतात, नांगर टाकतात आणि मग सूप पितात. त्यांचं ते शोधणं साहेब वहीत लिहून घ्यायचे. मी तूर निवडत बसायचे. महिनाभरानं त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आपल्याजवळ काय कमी हाये? एवढं मोठं बॅकवॉटर हाये. खाड्या हायेत, टेकड्या हायेत, बेटं हायेत. मीठ सोडलं तर सगळं हाये."

"आन तुमाले नाव चालवता येते?"

"शिकता येते."

नाव आली. कुठल्याशा तलावावर सहलीच्या माणसांना फिरवणारी जुनी फायबरची नाव होती, मागे लहानशी मोटर. पुढच्या बाजूला बदकाचं तोंड रंगवलेलं होतं. साहेबांनी त्यावर पांढरा रंग मारला, पण उन्हात खालून पिवळी चोच दिसायचीच. परवानगीसाठी त्यांनी स्वतःच्याच जुन्या ऑफिसात अर्ज दिला. ज्या टेबलावर त्यांनी लोकांचे अर्ज अडवले होते, त्याच टेबलापुढे ते तीनदा जाऊन उभे राहिले. "पद्धतच तशी हाये," असं ते मला म्हणाले, आणि ते ती पद्धत बसवणाऱ्याच्या अभिमानानं म्हणाले.

मग नकाशा. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या भागाचा, उंचसखल दाखवणाऱ्या रेघांचा जुना नकाशा त्यांच्याकडे होता. तो जेवणाच्या टेबलावर पंधरा दिवस पसरलेला होता. आम्ही जमिनीवर बसून जेवायचो. नावेला थांबायला चांगल्या अशा अकरा जागा त्यांनी निळ्या पेन्सिलीनं मांडल्या आणि त्यांना क्रमांक दिले. आडोसा क्रमांक एक, आडोसा क्रमांक दोन. वाईट जागांवर लाल फुल्या मारल्या. चार दिवसांचा प्रवास, तीन मुक्काम. मी सोबत येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला पोहता येत नाही, ही गोष्ट नकाशात कुठे बसत नव्हती.

दिवाळी होऊन गेलेली. कापूस वेचणी जोरात होती, तुरी फुलावर आलेल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाव काठावर नेली, तर आजूबाजूच्या वावरांतली माणसं वेचणी सोडून पाहायला आली. आम्ही दोघांनी नारिंगी जाकिटं घातलेली. माझ्या पंजाबी ड्रेसवर ते जाकीट म्हणजे मी रस्त्याच्या कामावरची मुकादम दिसत होते.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, मासे धरून राह्यले काय?"

"नाही."

"मंग रेती?"

"नाही हो. फिरून राह्यलो."

"कायले?"

साहेबांजवळ त्या दिवशी नकाशा होता, दुर्बीण होती, शिट्टी होती, बॅटरी होती. उत्तर तेवढं नव्हतं. त्यांनी मोटरची दोरी ओढली. चौथ्या झटक्याला ती सुरू झाली आणि आम्ही निघालो.

खरं सांगते, पहिले दोन तास मला फार आवडले. आपल्याच मुलुखाला मागच्या बाजूनं पाहावं तसं वाटत होतं. ज्या टेकड्या आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिल्या, त्या पाण्यातून बेटांसारख्या वर आल्या होत्या. पाणकावळे पंख पसरून बसलेले. साहेब सुकाणू धरून ताठ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती मी बदली रद्द झाल्याच्या दिवशी तेवढी पाहिली होती.

दुपारनंतर आडोसा क्रमांक एक आला. नकाशावर तो फार देखणा होता: तीन बाजूंनी चढ, आत गोल पाणी. प्रत्यक्षात तीन बाजूंनी चढ होता आणि आत चिखल होता. रब्बीचं पहिलं पाणी कालव्याला सुटून आठ दिवस झाले होते आणि धरण खाली गेलं होतं. हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसानं ते पाणी सोडलं होतं. पण नकाशा भरलेल्या धरणाचा होता, आणि साहेबांचा जन्म नकाशावर विश्वास ठेवण्यात गेलेला.

नाव फतकन रुतली. समोर पंधरावीस म्हशी मानेपर्यंत चिखलात बसलेल्या होत्या. त्यांना मात्र ती जागा पसंत होती.

"उतरून ढकला लागते," साहेब म्हणाले.

"उतरा मंग."

"सुकाणू कोण धरन?"

मी उतरले. गुडघाभर गाळात उभं राहून ढकललं. एक चप्पल तिथंच राहिली. ती अजून तिथंच असेल. नाव सुटल्यावर आम्ही जरा खोल पाण्यात, अगदी उघड्यावर गळ टाकला. सुदैवानं त्या दिवशी वारा नव्हता. चिवडा आणि धपाटे खाऊन झाल्यावर साहेबांनी वहीत लिहिलं, "आडोसा क्र. १: तूर्तास अनुपलब्ध." मी पायाचा गाळ धूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं भांडण वाऱ्यावरून झालं.

नियम सोपा आहे, व्हिडिओतसुद्धा तोच सांगतात: वारा ज्या बाजूनं येतो, त्या बाजूला टेकडी पाहिजे. साहेबांनी मोबाइल काढला. मोबाइल म्हणत होता, वारा मावळतीकडून. म्हणून टेकडीच्या उगवतीच्या अंगाला थांबायचं, आडोसा क्रमांक चार.

मी म्हणाले, "वारा उगवतीचा हाये."

"कशावरून?"

"गालावरून."

साहेब हसले. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात बाण होता, आकडे होते, ढगाचं चित्र होतं. फक्त रेंज नव्हती. तो बाण आदल्या दिवशी सकाळी ढाणकीच्या आमच्या ओट्यावर उमटलेला होता.

लहानपणी खळ्यावर माझी याडी, म्हणजे आई, उंच तिपाईवर उभी राहून तूर उपणायची आणि मी खालून टोपल्या भरून द्यायचे. वारा कोणत्या बाजूनं येणार हे आधी कळलं नाही, तर सगळा भुसा डोळ्यांत. चारपाच वर्षं डोळ्यांत भुसा गेल्यावर गालाला आपोआप कळायला लागतं. पण हे सांगून उपयोग नव्हता. गालाला आकडे नसतात.

आम्ही आडोसा क्रमांक चारला थांबलो. अकरा वाजेपर्यंत जागा खरंच छान होती. साहेबांनी व्हिडिओतल्यासारखं सूप करायला घेतलं, पाकिटातलं टोमॅटोचं. मग वारा उठला, उगवतीचा, समोरून. दोनतीन किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या त्या वाऱ्याला वाटेत अडवणारं काहीच नव्हतं, आणि टेकडी आमच्या पाठीमागे होती. अर्ध्या तासात पाणी हातभर वरखाली व्हायला लागलं. सूप साहेबांच्या वहीवर सांडलं.

"गळ जड हाये," साहेब म्हणाले. "हलत नाही आपण."

मी काठावरच्या एका पळसाकडे पाहत होते. पळस जवळ येत होता.

नंतर मला कळलं की दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडावा लागतो, म्हणजे गळ आडवा ओढला जाऊन जमिनीत शिरतो. हे व्हिडिओत सांगितलं होतं. साहेबांनी लिहूनही घेतलं होतं. पण तो नियम समुद्रासाठी आहे असं त्यांचं मत झालं, आणि त्यांनी दोर खोलीइतकाच सोडला. लोहाराचा तो दणकट गळ तळाच्या गाळावरून घसरत मुकाट आमच्यामागे येत होता.

टेकडीच्या पायथ्याशी बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याबाहेर आलेली होती. काळी, टोकदार. लाट खाली गेली की दिसायची, वर आली की दिसेनाशी व्हायची. साहेबांनी मोटर सुरू केली. ती एकदा गुरगुरली आणि गप्प झाली. मागे पाहिलं तर पंख्याला हिरवं जाळं गुंडाळलेलं, आणि त्याच्या मागे हातहातभर अंतरावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग. कोणाचं तरी मासोळीचं जाळं आम्ही ओढत आणलं होतं.

तेव्हा मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काही सुचत नव्हतं. संसारात असं कधी झालं नव्हतं. चूक असो की बरोबर, त्यांना नेहमी काहीतरी सुचायचं. त्या पाण्यापेक्षा मला त्या चेहऱ्याची भीती वाटली. म्हणजे आता मलाच काहीतरी करावं लागणार होतं.

नाव एका खोडाला घासली. मी ओढणी काढली, खोडाभोवती टाकली आणि दोन्ही टोकं धरून बसले. हात सोलून निघाले. "दोर द्या," मी ओरडले. वर्गात चाळीस मुलांवर ओरडायची सवय होती, तसंच निघालं. साहेबांनी निमूट दोर दिला. मी तो खोडाला बांधला. नाव आपटत राहिली, पण जागची हलली नाही.

तेवढ्यात काठाकाठानं एक बाई आली. थर्माकोलच्या मोठ्या ठोकळ्यावर मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत पाटीएवढ्या फळ्या, त्यांनी पाणी मारत. वय आमच्याएवढंच. लुगडं वर खोचलेलं, डोक्याला टॉवेल. आम्हाला वाटलं, वाचवायला आली.

"माह्या जाळ्याचं काय केलं?" ती म्हणाली.

"बाई, आम्ही अडकून पडलो," साहेब म्हणाले.

"तुमी अडकले ते दिसून राह्यलं. जाळं काहून ओढलं?"

साहेबांनी चाकू काढला, जाळं कापून मोटर मोकळी करावी म्हणून. तिनं फळी उगारली.

"चाकू आत ठेवा. कापाले काय जाते? शिवाले मले बसा लागते. वारा सांजंपर्यंत काही थांबत नाही. मोटरीले हात लावू नका, वल्हं मारा आन माह्यामागं या."

"कुठी?"

तिनं फळीनंच दाखवलं. टेकडीला वळसा घालून एका नाल्याचं तोंड होतं. साहेबांनी भिजलेला नकाशा उघडला. "तिथी लाल फुली हाये," ते मला हळूच म्हणाले. मग तिला म्हणाले, "बाई, ते जागा लय अरुंद हाये."

"तुमचं कोणतं जहाज हाये?" ती म्हणाली आणि वळली.

दोर सोडला, वल्ही धरली. शे-सव्वाशे हात जायला अर्धा तास लागला. गळ वर ओढताना साहेबांची कंबर धरली ती पुढे चार महिने सुटली नाही. पण टेकडीला वळसा घातला आणि वारा थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. जसं कोणी दार लावलं.

जागा दिसायला अगदी ओंगळ होती. दोन्ही काठांना काटेरी बाभळी, पाणी गढूळ, दांडीवर वाळत घातलेल्या मासोळीचा वास. बाभळींना बांधून ठेवलेले पाचसहा थर्माकोलचे ठोकळे, त्यांना दोरीनं बांधलेले दगड. कोणत्याही व्हिडिओत कोणी इथं सूप प्यालं नसतं. पण पाणी परातीतल्यासारखं स्थिर होतं, आणि डोक्यावर बाभळींचे शेंडे मोडतील असे हलत होते.

त्या बाईनं साहेबांना काठावर बसवलं आणि पंख्याभोवतीचं जाळं सोडवायला लावलं. एकेक घर, एकेक गाठ. ओढलं की म्हणायची, "हं, हळू." तीन तास लागले. पस्तीस वर्षं ज्यांनी हाताखालच्या माणसांना 'हळू नको, आजच्या आज पाह्यजे' म्हटलं, ते नाकावर चष्मा घेऊन हिरवे धागे सोडवत बसले होते. काठावरच तिची चूल होती, तिथं मी तिच्यासोबत भाकरी थापल्या. सोलल्या हातांनी भाकरी फाटत होत्या. तिनं परात माझ्याकडून काढून घेतली आणि हाताला हळद लावली.

"तुमाले हे जागा कशी माहीत झाली?" मी विचारलं.

"माहीत काय होते? आमचा नाला हाये हा. आमचं गाव त्या तिथी." तिनं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "वारावादळात माहा बाप बैलं इथी आणून बांधे. वारा नाही लागत. बैल आपल्या मनानंच इथी येऊन उभे राहेत. मंग धरण झालं. गाव उठलं, तिकडे वर नेऊन बसवलं. बैल गेले. म्या म्हणलं, जिथी बैलाले वारा नाही लागे, तिथी थर्माकोलले कायले लागन?"

माझा आजा लदेणीच्या गोष्टी सांगायचा. आमची माणसं बैलांवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरायची, तेव्हा मुक्काम नायक ठरवायचा आणि नायकाला बैल सांगायचे. जिथं ते आपणहून बसले तिथं तांडा. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमाले तर माहीत होतं." मी साहेबांकडे पाहिलं. साहेब गाठीकडे पाहत होते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गावावर आता पाणी किती असन?" सवयीचा प्रश्न. पातळी विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

तिनं पाण्याकडे अंदाज घेतल्यासारखं पाहिलं. "आमच्या घराच्या आढ्यावर दोन पुरुष असन. शाळेवर जास्त. शाळा खोलात होती."

साहेबांनी वही उघडली, सूप सांडलेलं पान उलटलं, आणि काही न लिहिता मिटली. मुख्य म्हणजे पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी पुढचा प्रश्न न विचारल्याचे प्रसंग मी मोजू शकते.

दुसऱ्या दिवशीही वारा तसाच. आम्ही तिथंच थांबलो. तिचा नवरा मासोळी घेऊन बाजाराला गेला होता, त्यामुळे तिला बोलायला माणसं हवी होती आणि जाळं शिवायला हातही. साहेबांनी एक भोक शिवलं. तिनं ते उसवलं. परत शिवायला दिलं.

ती आम्हाला काय काय सांगत होती. बगळे पाह्यचे. वारं असताना बगळे जिथं निवांत बसून राह्यतात, तिथं नाव न्यायची. पाण्यावर फेसाची रेघ दिसली की तिच्या अलीकडे वारा, पलीकडे आडोसा. दोर लांब सोडायचा. दगड चपटा घ्यायचा, गोल नाही. गोल दगड तळाला लोळतो. साहेब आधी नुसतं "हं" म्हणत होते, मग त्यांनी वही काढली आणि लिहायला लागले. बगळ्यांना त्यांनी 'पक्षी निर्देशक' असं नाव दिलं.

परतीचे दोन दिवस मी सुकाणू धरलं. म्हणजे त्यांची कंबर धरलेली होती म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात. बगळे शोधायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्या संध्याकाळी दुर्बिणीतून त्यांना एका वळणावर बारा बगळे दिसले. "पाह्य, एकही हलून नाही राह्यला," ते खूष होऊन म्हणाले. जवळ गेलो तर खताची धुतलेली पांढरी पोती झुडपांवर वाळत घातलेली होती. पोत्यांच्या मालकानं आम्हाला चहा पाजला. जागा बरी होती. आम्ही तिथंच मुक्काम केला. साहेबांचं म्हणणं, पद्धत बरोबरच निघाली.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत साहेबांचं भाषण झालं. विषय, 'जलप्रवासातील सुरक्षित थांबे'. मी पहिल्या रांगेत बसले होते. ते फार चांगलं बोलले. वाऱ्याची दिशा यंत्रावरून न ठरवता त्वचेवरून ठरवावी, असं त्यांनी सांगितलं. दोराची लांबी सांगितली. पक्षी निर्देशक सांगितले. "हे मी निरीक्षणातून शिकलो," ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं. आम्हा दोघींचं निरीक्षण त्यांनी केलंच होतं. टाळ्या पडल्या. एका आजोबांनी विचारलं, मिसेस घाबरल्या नाहीत का? साहेब म्हणाले, "थोड्या घाबरल्या. पण मी होतो ना."

मी त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी काही न बोलता खाल्लं, तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत त्या बाईच्या नाल्यावर गेलो. मी जुन्या शाळेच्या मुलींकडून तिच्यासाठी लोकरीचा स्कार्फ विणून घेतला होता. साहेबांनी तिच्यासाठी नायलॉनच्या दोऱ्याची रिळं घेतली. तिनं स्कार्फ डोक्याला बांधला आणि दोऱ्याला नावं ठेवली, फार जाड म्हणून. मग विचारलं, "तुमची मोटर पलीकडच्या काठाले जाते काय?"

पलीकडच्या काठाच्या गावात तिची लेक दिलेली होती. सडकेनं जायचं तर दोन एसट्या बदलायच्या आणि पुढे पायी. सकाळी निघालं तर दिवस मावळायला पोचायचं. पाण्यातून लेकीच्या गावातलं देवळाचं निशाण तिला रोज दिसायचं. थर्माकोलवर बसून ती एवढं मोठं पाणी ओलांडत नव्हती, नवरा जाऊ देत नव्हता. बाळंत होऊन लेक परत सासरी गेल्यापासून तिनं नातीला पाहिलं नव्हतं.

साहेबांनी नकाशा काढलाच नाही. "बसा," म्हणाले.

ती एक कोंबडा, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि वाळल्या मासोळीचं गाठोडं घेऊन बसली. नारिंगी जाकीट घालायला तयार नव्हती. साहेबांनी नियम सांगितला, मी डोळ्यांनी खुणावलं, मग तिनं ते कोंबड्याच्या टोपलीवर घातलं. पाऊण तासात आम्ही पलीकडे होतो. लेक वावरातून पळत आली. आईला पाहून आधी रडली आणि मग रागावली, की न सांगता काहून आली, घरात साखर नाही. दोघी तासभर एकाच वेळी बोलत होत्या. व्याही साहेबांना धरणाच्या पाण्याची पातळी विचारत होते, म्हणजे साहेबही सुखात होते. नात मला देण्यात आली आणि तिनं माझ्या ड्रेसवर जे करायचं ते केलं.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती, वारा पडला होता. ती पुढच्या फळीवर रिकामं टोपलं उशाला घेऊन आडवी झाली, स्कार्फ तोंडावर ओढला आणि पाण्यावर येताच तिला गाढ झोप लागली. भर पाण्यात, दुसऱ्याच्या हातात नाव देऊन झोपायची वेळ तिला आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी.

साहेबांनी मोटर हळू केली. मी म्हणाले, "काहून हळू केली? अंधार पडन."

"आवाजानं उठतीन त्या," ते कुजबुजले.

माझ्या झोपेसाठी साहेबांनी आजवर घरातला पंखासुद्धा हळू केला नव्हता. आम्ही तसेच हळूहळू आलो.